कागद आपला, कुलूप कोणाचे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी मागच्या रांगेतल्या एका बाबाजींनी उभे राहून विचारले, "कागद आपला हाये म्हन्ता, मंग कुलूप त्याइचं काहून?" आम्ही तासभराच्या भाषणाचे टिपण करून आणले होते. ते खिशात ठेवतो. बाबाजींच्या प्रश्नाचे उत्तर सापडते का पाहू, तेवढेच आजचे भाषण.

आम्ही शेतीची पदवी घेतली तेव्हा मातीचा पोत, बोंडअळी, ज्वारीवरची खोडमाशी हे सगळे शिकवले गेले. शेतकऱ्याच्या घरात पैसा येणार की नाही, याचा निकाल मात्र वावरात लागत नाही, तो जिल्ह्याच्या शहरात एका कागदावर लागतो, हे कोणी शिकवले नाही. ते आम्ही नोकरीत शिकलो. नोकरीच्या दिवसांत पीक कापणीचे तक्ते आम्हीही भरले आहेत. एका माणसाकडे गावे किती, दिवस किती आणि तक्ते किती, हे आम्ही आतून पाहिले आहे. म्हणून कार्यालयातला प्रत्येक माणूस चोर आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या कागदाकडे कोणी बघणारच नाही, तो कागद कसा भरला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे.

आमची फजिती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महसूल मंडळात पावसाने दडी मारली, कापूस गेला. शेजारच्या मंडळाला विमा मिळाला, या मंडळाला दमडी नाही. लोक आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या तावातावाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला: "आमच्या मंडळाला कापसाचा विमा का नाकारण्यात आला? या अन्यायाला जबाबदार कोण?" एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.

आम्ही चिडलो, घोषणा दिल्या, घरी आलो. रात्री अर्ज पुन्हा वाचला तेव्हा चूक आमचीच दिसली. कायदा देतो ती कार्यालयात असलेली माहिती: कागद, नोंदवही, नकाशा, तक्ता. "का?" याचे उत्तर कोणत्याच कपाटात ठेवलेले नसते. ते आपल्याला कागद वाचून काढावे लागते.

दुसरा अर्ज असा लिहिला: अमुक महसूल मंडळ, अमुक खरीप हंगाम, पीक कापूस. पीक कापणी प्रयोगासाठी निवडलेल्या गावांची व गट क्रमांकांची यादी. प्रत्येक प्रयोगाचा भरलेला तक्ता. प्रत्येक वेचणीची तारीख व वजन. हजर असलेल्यांच्या सह्या. या सर्वांच्या साक्षांकित प्रती. आता "का" नव्हते, "कोण" नव्हते. अडतीस पाने आली. पानाला २ रुपयांप्रमाणे ७६ रुपये लागले.

गावात देवळाच्या ओट्यावर बसून ती पाने वाचली. एका प्रयोगासाठी यादीत निवडलेला गट एक होता आणि तक्त्यावरचा गट दुसरा, रस्त्याला लागून, विहिरीच्या ओलिताचा. दुसऱ्या एका तक्त्यात तिसऱ्या वेचणीचे वजन लिहिले होते. तारीख वाचली तर वावराची मालकीण बाई म्हणाली, "त्या दिशी तं पऱ्हाटी उपटून चुलीत गेल्ती माही." शेतात झाड नाही आणि कागदावर कापूस वेचला जातो आहे!

आम्ही तक्रार केली. उत्तर मिळाले की आकडे वर गेले, हंगामाचा हिशोब मिटला. त्या मंडळाला विमा मिळाला नाही. ही गोष्ट जिंकल्याची म्हणून सांगत नाही. कागद मिळाला, पण उशिरा मिळाला. कापूस वेळेवर वेचला नाही तर कवडी होते, तशीच माहितीही उशिरा हाती आली तर तिची कवडी होते.

एका आकड्याची किंमत

हा आकडा इतका महत्त्वाचा का? हिशोब करू. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली. तिच्यात मागल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे धरून सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. येते ते उंबरठा उत्पन्न. समजण्यापुरते धरू की ते हेक्टरी ८ क्विंटल आहे. प्रयोगात मंडळाची सरासरी ६ आली, तर घट २ क्विंटलची, म्हणजे पंचवीस टक्के. विमा ४० हजारांचा असेल तर १० हजार रुपये मिळतील. पण सरासरी ८ क्विंटल १० किलो लिहिली गेली, तर मिळेल शून्य. तुमच्या स्वतःच्या वावरात काय पिकले, हे कोणी विचारणार नाही. मंडळात जे मोजकेच तुकडे मोजले, त्यांच्यावर हजारो घरांचा हिशोब ठरतो.

२०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आणून ठेवली. म्हणजे या तक्त्याचे वजन कमी झाले नाही, वाढले.

कोणता कागद कोणत्या इमारतीत

आपला माणूस एस.टी.तून शहरात उतरतो, कलेक्टर कचेरीत जातो. तिथला बाबू म्हणतो, हे आमच्याकडे नाही. दुसऱ्या कचेरीत जेवणाची सुट्टी. तिसरीत साहेब दौऱ्यावर. दिवस बुडतो, भाडे बुडते. म्हणून घरून निघण्याआधी कागदाचे नाव आणि त्याचे घर माहीत पाहिजे. लिहून घ्या.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार तलाठ्याकडे. सरकारने आता त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी केले आहे, आपण तलाठीच म्हणू. डिजिटल सहीचा सातबारा आता संगणकावरही निघतो. त्यासाठी शहरात जाऊ नका.

जुने फेरफार, पाहणीपत्रके, मराठवाड्यातले १९५४ चे खासरा पत्रक अशा गोष्टी तहसीलच्या अभिलेख कक्षात. मोजणीचे नकाशे, टिपण, गुणाकार बुक, आकारफोड हे भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडे. धुऱ्याचे भांडण असेल तर कोर्टाची पायरी चढण्याआधी ही इमारत चढा.

गावाची पैसेवारी, म्हणजे आपली जुनी आणेवारी, तहसील कार्यालयात. ती तीनदा निघते: नजर, सुधारित आणि अंतिम. दुष्काळ ठरवण्याचे निकष केंद्राच्या २०१६ च्या संहितेने बदलले हे खरे, पण पैसेवारी काढणे बंद झालेले नाही, आणि पन्नास पैशांची रेघ आपल्या परिचयाची आहे. पैसेवारीसाठी गावात समिती असते. तिच्यात आपलेच लोक असतात. समितीची बैठक कधी झाली आणि सह्या कोणाच्या, हा कागद मागा. कधी कधी आपलीच सही पाहून आपणच चकित होतो.

पावसाची नोंद महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर होते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. केंद्र कोणत्या गावात आहे ते आधी पाहा. आभाळ मंडळाची हद्द ओळखत नाही. पंचनामे तहसीलमध्ये जमा होतात. त्यात तुमच्या नुकसानीची टक्केवारी किती लिहिली ते बघा, कारण सरकारी मदतीची रेघ ३३ टक्क्यांवर आहे. बत्तीस लिहिले की तुम्ही बाहेर.

पीक कापणी प्रयोग महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद या तीन खात्यांत वाटलेले असतात. तुमच्या गावचा कोणाकडे आहे हे आधी कळत नाही. पण घाबरू नका. माहिती अधिकाराच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज चुकीच्या कचेरीत पडला, तर तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांची आहे. "आमच्याकडे नाही" म्हणून अर्ज परत करण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

खाजगी विमा कंपनीला हा कायदा थेट लागत नाही. पण तिचे जे कागद कृषी खात्याला कायद्याने मिळू शकतात, ते कृषी खात्याकडे मागता येतात. बाजार समितीकडे आवक आणि भावाच्या नोंदी असतात, त्या मागा. गावच्या सोसायटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की सरकारचा मोठा पैसा नसेल तर सहकारी संस्था या कायद्यात येत नाही. तरी दोन दारे उघडी आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला आपल्या खात्याचे आणि संस्थेचे ठरावीक कागद पाहता येतात. आणि निबंधकाकडे जी माहिती आहे ती निबंधकाकडे मागता येते.

अर्ज कसा करायचा

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पुरता लागू झाला. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा २००२ चा कायदा होता. आणि त्याच्याही आधी, १९९४ च्या डिसेंबरात, राजस्थानातल्या कोटकिराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरवली. तिथे सरकारी कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले. शहाण्यासुरत्या वकिलांनी नव्हे, मजुरी बुडालेल्या बायाबापड्यांनी या कायद्याची वाट पाडली. तेव्हा "आपल्याला इंग्रजी येत नाही" म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. अर्ज मराठीत चालतो.

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, जोडपत्र 'अ' मध्ये. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. राज्याच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. आमच्या पहिल्या अर्जात चारशे शब्द होते, त्यातले तीनशे शिव्यांच्या जवळ जाणारे. भारतीय कापूस महामंडळासारख्या केंद्राच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर लावा.

माहिती कशासाठी हवी ते सांगावे लागत नाही. कलम ६(२) तेच म्हणते. कोणी विचारले तर नम्रपणे सांगा, "साहेब, कायद्यात विचारत नाहीत." पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अर्जापेक्षा पोच जपून ठेवा, दिवस तिच्यावरून मोजायचे आहेत.

तीस दिवसांत उत्तर पाहिजे. मुदत उलटून माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. दिलीच नाही, किंवा अर्धवट दिली, तर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. तिथेही नाही मिळाले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो. पण आयोगाकडे प्रकरणे तुंबलेली असतात. तिथे नंबर लागेपर्यंत तुमचे हंगाम निघून जातील.

म्हणून आमचा सल्ला असा की आधी कागद डोळ्यांनी पाहा. कायद्यात माहिती मिळवणे म्हणजे फक्त प्रती घेणे नाही. कागद पाहणे आणि त्यातून टिपून घेणे, हाही हक्क आहे. शहरातल्या लोकांनी ही सवय आधी लावून घेतली. पुणे महापालिकेत नागरिक सोमवारी येऊन फायली पाहू लागले. मग २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने परिपत्रक काढले की जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात लोकांना अभिलेख पाहू द्यावेत. शहरातला माणूस त्या वेळेला जातो. आपल्याला ते परिपत्रक निघाल्याचाच पत्ता नाही. त्याची एक प्रत प्रत्येक गावाने मिळवावी आणि जाताना खिशात ठेवावी.

दोघे-तिघे जा, वही-पेन घेऊन जा, आवाज चढवू नका. एक वाचेल, एक लिहील. जो कागद कामाचा दिसेल त्याचे नाव, तारीख, जावक क्रमांक टिपा. मग त्याच नावाने अर्ज करा. नाव, गाव, हंगाम, तारीख एवढे अर्जात असले की "माहिती उपलब्ध नाही" असे लिहायला बाबूचा हात अडतो.

दोन पथ्ये

पहिले पथ्य. दुसऱ्याच्या घरात डोकावू नका. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यातून माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी व्यक्तिगत माहितीला सार्वजनिक हिताची कसोटी त्याच कलमात होती, ती काढली गेली. व्यापक जनहिताची बाजू कलम ८(२) मध्ये अजून आहे, पण बाबूच्या हाती नकाराचे हत्यार वाढले. तेव्हा "अमक्याला किती मदत मिळाली" असे विचारू नका. गावाची एकूण रक्कम, एकूण खातेदार, मंडळाचे तक्ते, निवडीची यादी, असे मागा. स्वतःचा पंचनामा, स्वतःचे खाते मागायला तर कोणाची आडकाठी नाही.

दुसरे पथ्य. ही काठी भावकीवर आणि गरीब तलाठ्यावर चालवू नका. अर्ज टाकून पैसे मागणारे काही लोक जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या माणसाच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते. ज्याने तसे केले त्याने आमच्या बैठकीला येऊ नये.

पुढल्या वर्षी काय झाले

त्या मंडळाची गोष्ट अर्धी राहिली. पुढल्या हंगामात वेचणीच्या आधीच आम्ही तालुक्याला जाऊन प्रयोगासाठी निवडलेल्या गटांची यादी पाहिली आणि टिपून घेतली. ज्यांची वावरे निघाली त्यांना सांगितले की साहेब येतील त्या दिवशी निरोप द्या. प्रत्येक वेचणीला गावातली चार माणसे धुऱ्यावर उभी राहिली. त्यांत दोन बाया होत्या, त्या स्वतः वेचणाऱ्या. वजनकाटा तपासला गेला, तक्ता वाचून मग सह्या झाल्या. आलेल्या कर्मचाऱ्याने कुरकुर केली नाही. जाताना म्हणाला, "बरं झालं, आता वरून कोणी माझ्यावर बोट दाखवणार नाही."

त्या वर्षी विमा मिळाला का? नाही मिळाला. पाऊस बरा झाला होता, कापूस उंबरठ्याच्या वर निघाला. पण त्या मंडळात एकाही माणसाने "आकडा खोटा आहे" म्हटले नाही. वजन सगळ्यांनी पाहिले होते. आम्हाला विचाराल तर त्या संघटनेच्या कामातली ती सर्वांत मोठी कमाई होती. आमचे मागणे एवढेच आहे की जे आमच्या वावरात मोजले तेच कागदावर यावे. मग निकाल आमच्या बाजूने लागो की विरुद्ध.

आता काम

भाषण संपले, कामाचे बोलू. प्रत्येक गावाने पुढल्या बैठकीला तीन कागद आणायचे: गावाची मागल्या हंगामाची अंतिम पैसेवारी, आपल्या मंडळातल्या कापूस आणि ज्वारीच्या पीक कापणी प्रयोगांची निवड-यादी, आणि आपल्या मंडळाची पावसाची दिवसवार नोंद. भाड्याचा खर्च गावाने वर्गणीतून द्यावा, एकट्यादुकट्याच्या खिशावर टाकू नये. ज्यांना लिहिता येते त्यांनी अर्ज लिहावेत. ज्यांना येत नाही त्यांनी अंगठा करावा. जन माहिती अधिकाऱ्याने अशा माणसाचे तोंडी सांगणे लिहून घ्यायला मदत केली पाहिजे, हेही कायद्यातच आहे.

आणि बाबाजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. कुलूप त्यांनी लावले, कारण इतकी वर्षे आपल्यापैकी कोणी दार वाजवायला गेले नाही. किल्ली म्हणजे दुसरे काही नाही: कागदाचे नाव, हंगाम, तारीख आणि हातातली पोच. येत्या सोमवारी दोन वाजता आम्ही तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबतो. तुम्ही या. तुमच्या गावाची पैसेवारी तुमच्याच तोंडून मोठ्याने वाचून घेऊ.